सह्याद्रीपासून मुकुंदवाडीपर्यंत : महाराष्ट्रातील अतिउच्चदाब वीजवाहिन्यांचा इतिहास

महाराष्ट्रात वीज जिथे तयार होते आणि जिथे ती लागते, ती ठिकाणे सुरुवातीपासूनच एकमेकांपासून दूर राहिली आहेत. पाण्याची उंची सह्याद्रीत आहे, कोळसा विदर्भात आहे, आणि कारखाने, शहरे व विहिरींवरचे पंप या दोहोंपासून शेकडो किलोमीटर अंतरावर आहेत. हे अंतर अतिउच्चदाब वाहिन्यांनी जोडले. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेला, जालना रस्त्यावर, सिडको आणि चिकलठाणा यांच्यामध्ये वसलेल्या मुकुंदवाडीसारख्या वस्तीत आज बटण दाबल्यावर दिवा लागतो, त्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा हा इतिहास उभा आहे. तो अभियंत्यांचा आणि कंपन्यांचा आहे, तसाच ज्यांच्या शेतात मनोरे उभे राहिले त्या माणसांचाही आहे.

उच्च दाबाची गरज

तारेतून वीज वाहताना तारेच्या विरोधामुळे उष्णता निर्माण होते आणि तेवढी वीज वाया जाते. ही गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढीच वीज दहापट दाबाने पाठवली तर प्रवाह दहाव्या हिश्श्यावर येतो आणि गळती शंभराव्या हिश्श्यावर. १०० मेगावॅट वीज ११ केव्ही (किलोव्होल्ट) दाबाने पाठवायची झाल्यास प्रत्येक तारेतून सुमारे ५,२५० अँपिअर प्रवाह न्यावा लागेल. २२० केव्ही दाबाने तेच काम सुमारे २६२ अँपिअरमध्ये होते. पहिल्या प्रवाहाला पेलणारी तार इतकी जाड आणि जड होईल की ती मनोऱ्यावर टांगणेच अशक्य. म्हणून वीजकेंद्रापाशी ट्रान्सफॉर्मरने दाब वाढवायचा, वीज लांब न्यायची आणि वापराच्या ठिकाणी तो टप्प्याटप्प्याने उतरवायचा, ही पद्धत जगभर रूढ झाली.

१८९१ मध्ये जर्मनीत लाउफेनच्या जलविद्युत केंद्रातून फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनापर्यंत १७५ किलोमीटर अंतरावर त्रिकला (थ्री-फेज) वीज पोचवून ही पद्धत सिद्ध झाली. भारतात १९०२ साली म्हैसूर संस्थानात शिवनसमुद्रच्या धबधब्यावरून कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत सुमारे १४७ किलोमीटरची वाहिनी टाकली गेली. त्या काळी ती जगातील सर्वांत लांब वाहिन्यांपैकी एक होती. तिचा दाब मात्र ३५ केव्हीच्या आसपास होता. पिन इन्सुलेटरवर तार बसवण्याच्या तेव्हाच्या पद्धतीत यापेक्षा फार वर जाता येत नव्हते. चिनी मातीच्या चकत्यांची माळ करून तार तिला खाली टांगण्याची युक्ती १९०७ च्या सुमारास अमेरिकेत निघाली आणि दाबाची मर्यादा एकदम उठली. चकत्या वाढवा, दाब वाढवा, असे ते गणित झाले.

खोपोली ते मुंबई

या नव्या तंत्राचा लाभ महाराष्ट्राला फार लवकर मिळाला. मुंबईच्या कापडगिरण्या वाफेवर चालत. त्यासाठी लागणारा कोळसा बंगालमधून किंवा परदेशातून आणावा लागे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस अडवून त्याच्या बळावर गिरण्या चालवाव्यात, ही कल्पना जमशेटजी टाटा यांनी उचलून धरली. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. दोराबजी टाटा यांनी ती पुढे नेली आणि १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांत साठलेले, एरवी पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात गेले असते असे पाणी पश्चिमेकडे वळवून पोलादी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडण्यात आले.

१९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीचे केंद्र सुरू झाले. तेथून मुंबईपर्यंत सुमारे ७० किलोमीटरची वाहिनी १०० केव्ही दाबाची होती. एवढ्या दाबाच्या वाहिन्या त्या काळी जगातही मोजक्याच होत्या. खाजणे, खाड्या आणि भातखाचरे ओलांडत गेलेली ही वाहिनी परळला गिरणगावात उतरली. पुढे आंध्र व्हॅली कंपनीचे भिवपुरी केंद्र १९२२ मध्ये आणि टाटा पॉवर कंपनीचे भिरा केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. १९२५ मध्ये मुंबईत विजेवरची पहिली रेल्वेगाडी बोरीबंदर आणि कुर्ला यांच्यामध्ये धावली. गिरण्या, ट्राम, रेल्वे आणि बंदर यांना सह्याद्रीची वीज मिळू लागली आणि मुंबईचे आकाश कोळशाच्या धुरातून काहीसे मोकळे झाले.

या विजेची किंमत मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी मोजली. भिरा केंद्रासाठी निळा-मुळा खोऱ्यात धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा अनेक गावे आणि भाताची उत्तम शेते पाण्याखाली जाणार होती. एप्रिल १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना लोकांनी सेनापती ही पदवी दिली ती याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे यांच्यासह अनेकांनी तुरुंगवास भोगला. धरण झालेच, आणि वीज मुंबईला गेली. एका प्रदेशाची जमीन आणि दुसऱ्या प्रदेशाची गरज हा प्रश्न महाराष्ट्रात विजेच्या संदर्भात तेव्हा पहिल्यांदा उघडपणे मांडला गेला. पुढच्या शंभर वर्षांत धरणांच्या बाबतीत त्याची चर्चा झाली. वाहिन्यांच्या बाबतीत ती फार उशिरा सुरू झाली.

कायद्याचे स्वरूप

धरणासाठी जमीन संपादित करावी लागते. वाहिनीसाठी ती करावी लागत नाही. यामागे १८८५ चा भारतीय तार कायदा आहे. तारायंत्राच्या तारा देशभर टाकताना प्रत्येक जमीन विकत घेणे सरकारला शक्य नव्हते. म्हणून मालकी मालकाकडेच ठेवून त्याच्या जमिनीवर खांब रोवण्याचा आणि तारा नेण्याचा अधिकार या कायद्याने दिला. काम करताना कमीत कमी नुकसान करावे आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी, असे कलम १० सांगते. मालकाने अडवले तर जिल्हा दंडाधिकारी कामाला परवानगी देऊ शकतात आणि भरपाईचा वाद जिल्हा न्यायालयात जातो, हे कलम १६ मध्ये आहे.

१९१० च्या वीज कायद्याने हेच अधिकार वीजवाहिनी टाकणाऱ्यांना देण्याची सोय केली आणि २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६४ ने ती कायम ठेवली. तारायंत्राचा एखादा खांब आणि ४०० केव्हीचा मनोरा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. खांब बांधावर उभा राहतो. मनोऱ्याचे चार पाय शेताच्या मधोमध मोठी जागा अडवतात आणि तारांखालचा पट्टा घरासाठी कायमचा निषिद्ध होतो. कायद्याची चौकट मात्र खांबाच्या मापाची राहिली. पुढच्या बहुतेक तंट्यांचे मूळ इथे आहे.

कोयना आणि वीज मंडळ

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या वीज पुरवठा कायद्याने राज्यांना वीज मंडळे स्थापण्याचा मार्ग खुला केला. मुंबई राज्याचे मंडळ १९५४ मध्ये आले आणि संयुक्त महाराष्ट्रानंतर २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. मंडळाच्या पहिल्या पर्वाचा आधार कोयना प्रकल्प होता. १९६२ मध्ये पोफळीच्या भूमिगत केंद्रातून वीज निघू लागली आणि तिच्यासाठी राज्यात २२० केव्हीच्या वाहिन्या उभ्या राहिल्या. डोंगरकडे, दाट जंगल आणि मुसळधार पाऊस यांतून जाणाऱ्या या वाहिन्यांनी मंडळाच्या अभियंत्यांची पहिली पिढी घडवली.

मनोऱ्यांचे पोलाद देशातच घडू लागले होते. १९४५ मध्ये मुंबईत सुरू झालेली कमानी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन ही कंपनी मनोरे बनवण्याच्या व्यवसायात पुढे जगभर पोचली.

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयनेची वीजनिर्मिती थांबली आणि राज्याचा एवढा भार एकाच ठिकाणावर ठेवण्यातला धोका सर्वांना कळला. त्यानंतर कोळशावरची केंद्रे झपाट्याने आली : भुसावळ, नाशिकजवळ एकलहरे, परळी, नागपूरजवळ कोराडी आणि १९८३ पासून चंद्रपूर. विजेचे केंद्र सह्याद्रीतून विदर्भात सरकले. पूर्वी वाहिन्या सह्याद्रीच्या परिसरातून निघत होत्या. आता त्या राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ लागल्या. त्यासाठी २२० केव्ही अपुरे पडू लागले. देशात ४०० केव्हीची पहिली वाहिनी १९७७ मध्ये उत्तर प्रदेशात ओब्रा–सुलतानपूर मार्गावर आली होती. महाराष्ट्रात कोराडी, भुसावळ, बाभळेश्वर, पडघे, कळवा असा ४०० केव्हीचा कणा १९८० च्या दशकात तयार झाला आणि चंद्रपूरहून परळीमार्गे पुण्याच्या दिशेने दुसरा मार्ग आला.

मराठवाड्याची उशिराची पहाट

मुंबईत १०० केव्हीची वाहिनी आली तेव्हा औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाचा वीजपुरवठा राजधानीभोवती एकवटला होता. मराठवाड्यातील मोजक्या शहरांना डिझेल इंजिनांवर चालणारी छोटी वीजघरे पुरत, आणि शहराची वेस ओलांडली की रॉकेलचा कंदील सुरू होई. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. वाहिन्यांचे जाळे मात्र एका रात्रीत येत नाही. जिथे वापर कमी तिथे वाहिनी परवडत नाही, आणि जिथे वाहिनी नाही तिथे कारखाना येत नाही, अशा फेऱ्यात हा भाग बराच काळ अडकला होता.

तो फेरा तुटायला तीन गोष्टी कारणीभूत झाल्या. पहिली, १९६२ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ. औरंगाबादच्या रेल्वे स्टेशन परिसरात, नंतर चिकलठाण्यात, पुढे वाळूज आणि शेंद्र्यात औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. १९८० च्या दशकात वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला आणि त्यामागोमाग सुट्या भागांचे शेकडो लहान कारखाने आले. दुसरी, विहिरींवरचे पंप. १९७२ च्या दुष्काळानंतर भूजलावरचे अवलंबित्व वाढले आणि गावोगाव शेतीपंपांच्या जोडण्यांची मागणी उठली. तिसरी, परळीचे औष्णिक केंद्र. १९७१ मध्ये ३० मेगावॅटच्या संचाने सुरू झालेले हे केंद्र १९८० च्या दशकात २१० मेगावॅटच्या संचांपर्यंत वाढले. येलदरी आणि जायकवाडी या धरणांवरही जलविद्युत केंद्रे झाली, पण ती लहान होती. जायकवाडीचे पैठण केंद्र १२ मेगावॅटचे आहे.

मुकुंदवाडी या बदलाच्या वाटेवरच होती. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग आणि जालना रस्ता या दोन्हींच्या कडेला असलेले हे शेतीचे गाव. पूर्वेला चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आणि विमानतळ आले, पश्चिमेकडून सिडकोची नवी वसाहत वाढत आली. कामगार राहायला आले, खोल्या वाढल्या, गिरण्या, लेथ, वेल्डिंगची दुकाने निघाली. अशा वस्तीची विजेची गरज दर काही वर्षांनी दुप्पट होते आणि ती भागवण्यासाठी शहराभोवती १३२ आणि २२० केव्हीची उपकेंद्रे वाढवत न्यावी लागतात.

तरीही हा विकास पुरेसा नव्हता. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये राज्यातील प्रादेशिक असमतोल मोजला, तेव्हा ग्रामीण विद्युतीकरणाचा अनुशेषही त्यात मोजावा लागला. मराठवाड्याच्या राजकारणात ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून कायमचा रुजला.

वाहिनी कशी आखतात

वाहिनीची सुरुवात कागदावर, भाराच्या अंदाजापासून होते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कुठल्या भागात किती वीज लागेल, एखादी वाहिनी बंद पडली तर उरलेल्या वाहिन्या भार पेलतील का, हे तपासून दाब आणि जोडबिंदू ठरतात. मग मार्ग ठरवण्यासाठी नकाशावर तीन पर्याय आखले जातात. पूर्वी सर्वेक्षण खात्याच्या नकाशांवर पेन्सिलीने रेघ ओढून अभियंते प्रत्यक्ष पायी चालत. आता उपग्रहचित्रे आणि ड्रोन आले आहेत, तरी पायी पाहणी सुटलेली नाही. गावठाण, शाळा, मंदिर, दर्गा, स्मशान, तलाव, फळबाग आणि विहिरी टाळायच्या. जंगल शक्य तितके टाळायचे, कारण १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानुसार केंद्राची परवानगी लागते. लोहमार्ग, महामार्ग आणि दुसरी वाहिनी शक्यतो काटकोनात ओलांडायची. विमानतळाजवळ, जसे चिकलठाण्याच्या आसपास, मनोऱ्यांच्या उंचीला विमानतळ प्राधिकरणाची संमती लागते आणि मनोरे लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवावे लागतात.

मार्ग ठरला की जमिनीच्या चढ-उताराचा आलेख काढून त्यावर मनोऱ्यांच्या जागा बसवतात. तार सरळ रेषेत राहत नाही, तिला झोळ असतो. तो झोळ उन्हाळ्यात वाढतो, कारण तापल्यावर अॅल्युमिनियम प्रसरण पावते. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो आणि भाराने तार त्याहून कितीतरी अधिक तापते. तेव्हाही ती जमिनीपासून ठरलेल्या उंचीवर राहिली पाहिजे : १३२ केव्हीला ६.१ मीटर, २२० केव्हीला सुमारे ७ मीटर, ४०० केव्हीला सुमारे ८.८ मीटर. मोकळ्या ठेवायच्या पट्ट्याची रुंदी १३२ केव्हीला २७ मीटर, २२० केव्हीला ३५ मीटर आणि ४०० केव्हीला परंपरेने ५२ मीटर धरली गेली. मार्ग सरळ जातो तिथे हलके मनोरे पुरतात. जिथे तो वळतो तिथे तारांचा ताण पेलणारे भक्कम कोनमनोरे लागतात आणि एका कोनमनोऱ्याचा खर्च सरळ मनोऱ्याच्या कितीतरी पट होतो. म्हणून एखाद्या शेतकऱ्याने ‘माझं शेत टाळून न्या’ म्हटले की अभियंता अडचणीत येतो. वळण पैशाचे असते आणि टाळलेला मनोरा शेजाऱ्याच्या शेतात जातो.

पाया, मनोरा आणि तार

बांधकामात जमिनीची जात पहिली पाहावी लागते. मराठवाड्यात वर काळी कसदार माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण असा थर असतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगांनी फाटते. तिच्यात उभा केलेला पाया हलू नये म्हणून तो खोल आणि रुंद घ्यावा लागतो. पाषाण लागला तर उलट प्रश्न येतो. वस्तीजवळ सुरुंग लावता येत नाही, छिन्नी आणि ब्रेकरने इंचाइंचाने खोदावे लागते. चार खड्ड्यांत चार पायांचे लोखंडी खुंट बसवतात. खुंट साच्यात पकडून त्यांचे अंतर, उंची आणि तिरपेपणा तपासला जातो, कारण पायथ्याशी झालेली किंचित चूक चाळीस मीटर वर गेल्यावर फुटांनी दिसते. काँक्रीट ओतल्यानंतर किमान दोन आठवडे पाणी मारून ते मुरू देतात. खडकाळ जमिनीत आकाशातून कोसळणारी वीज उतरायला चांगली भू-जोडणी मिळत नाही, म्हणून मनोऱ्याच्या पायांपासून जमिनीत लांब लोखंडी तारा पुरतात.

मनोरा सुट्या कोनांचा असतो. प्रत्येक तुकड्यावर नंबर कोरलेला असतो आणि सगळे तुकडे जस्ताचा थर दिलेले असतात. उभ्या भागाला लाकडी किंवा लोखंडी डेरिक बांधून तिच्या आधाराने पुढचा भाग दोराने वर ओढतात आणि नट-बोल्टने जोडतात. हे काम करणाऱ्या टोळ्यांत बंगालमधील मालदा आणि झारखंडकडच्या कामगारांचा मोठा भरणा असतो. रणरणत्या उन्हात तापलेल्या लोखंडावर, कमरेच्या पट्ट्याच्या आधाराने ते दिवसभर वर असतात. महाराष्ट्राच्या विजेत त्यांच्या घामाचा वाटा मोठा आहे आणि त्याची नोंद क्वचितच कुठे होते.

तार ओढणे हा शेवटचा आणि सर्वांत नाजूक टप्पा. तारेच्या मध्यभागी ताण पेलण्यासाठी पोलादाचे आणि बाहेर प्रवाहासाठी अॅल्युमिनियमचे धागे असतात. ब्रिटिश प्रथेनुसार या तारांना प्राण्यांची नावे आहेत : १३२ केव्हीला ‘पँथर’, २२० ला ‘झेब्रा’, ४०० ला ‘मूस’. मूस तारेत ५४ धागे अॅल्युमिनियमचे आणि ७ पोलादाचे, जाडी ३१.७७ मिलिमीटर आणि एका किलोमीटरचे वजन सुमारे दोन टन. ती जमिनीवर घासली तर ओरखडे पडतात आणि दाबाखाली तिथून ठिणग्या उडतात. म्हणून एका टोकाला ओढणारे आणि दुसऱ्या टोकाला ताण धरणारे यंत्र लावून ती हवेतच पुढे सरकवतात. दोन मनोऱ्यांवर ठरलेल्या उंचीवर फळ्या बांधून, एका फळीपासून दुसरीकडे दुर्बिणीने पाहत झोळ जुळवला जातो. त्या दिवसाचे तापमान आधी मोजलेले असते. मग तार इन्सुलेटरच्या माळेला पकडीत बसते. १३२ केव्हीला सुमारे ९ चकत्या, ४०० केव्हीला २३. वाऱ्याने तार थरथरून तुटू नये म्हणून माळेजवळ लहान डंबेलसारखे वजन लावतात.

शेवटी मनोऱ्यावर क्रमांकाची पाटी, लाल-पिवळ्या-निळ्या कलांच्या पाट्या, कवटीचे चित्र असलेली धोक्याची पाटी आणि चढू नये म्हणून काटेरी तारेचे कडे बसते. विद्युत निरीक्षकाची परवानगी मिळाली की गावोगाव सूचना देऊन वाहिनी भारित केली जाते.

चारशेपासून बाराशेपर्यंत

१९९० च्या दशकाअखेर चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची, अधिक-उणे ५०० केव्ही दाबाची एकदिश (डीसी) वाहिनी सुरू झाली. तिची क्षमता १५०० मेगावॅट. फार लांब अंतरावर एकदिश प्रवाहाला तारा कमी लागतात आणि किती वीज पाठवायची ते नेमके ठरवता येते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या पॉवरग्रिड या केंद्र सरकारच्या कंपनीने राज्याराज्यांना जोडणारे जाळे विणले. महाराष्ट्रात ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा स्वतंत्र कंपन्या झाल्या. वाहिन्या पारेषण कंपनीकडे, म्हणजे महापारेषणकडे आल्या आणि तिच्या सात परिमंडळांपैकी एकाचे मुख्यालय औरंगाबादला राहिले.

पुढच्या दशकात औरंगाबाद परिसर देशाच्या पारेषण नकाशावरचा मोठा जोडबिंदू झाला. तिरोडा–कोराडी–अकोला–औरंगाबाद ही ७६५ केव्हीची वाहिनी आली, एकतुनी येथे ७६५ केव्हीचे उपकेंद्र झाले, औरंगाबाद–धुळे आणि सोलापूर–औरंगाबाद हे ७६५ केव्हीचे दुवे जोडले गेले. वर्धा–औरंगाबाद ही सुमारे साडेतीनशे किलोमीटरची वाहिनी ४०० केव्हीवर सुरू झाली, पण पुढे १२०० केव्हीपर्यंत नेता येईल अशा बेताने तिची रचना केली गेली. १२०० केव्हीची चाचणी वाहिनी मध्य प्रदेशातील बीना येथे २०१२ मध्ये भारित झाली होती. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर–रायचूर ही ७६५ केव्ही वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण भारताचे जाळे उर्वरित देशाशी एकाच लयीत आले. डिझेलच्या वीजघरांवर भागवणारा प्रदेश साठ-सत्तर वर्षांत देशाच्या मुख्य वाहिन्यांच्या चौकात आला.

हे जाळे किती महत्त्वाचे आहे ते दुष्काळाने दाखवले. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. मराठवाड्यातील त्या वेळचे दिवे बाहेरून वाहिन्यांनी आलेल्या विजेवर लागले. जाळ्याचा धोकाही त्याच सुमारास दिसला. जुलै २०१२ च्या ३० आणि ३१ तारखेला बीना–ग्वाल्हेर ४०० केव्ही वाहिनी बंद पडण्यापासून सुरू झालेल्या साखळीत उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात गेला. पश्चिम भारत बहुतांश वाचला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मात्र कळवा–पडघे परिसरातील ४०० केव्ही वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या आणि मुंबई काही तास ठप्प झाली. देशातील पहिल्या मोठ्या वाहिन्यांपैकी एक जिथे आली, त्या शहरालाच नव्या वाहिन्यांसाठी जागा मिळेनाशी झाली होती.

एखाद्या औष्णिक केंद्राच्या २१० मेगावॅट संचातून वीज १५.७५ केव्ही दाबाने बाहेर पडते. तिथे ती ४०० केव्हीपर्यंत चढते, शेकडो किलोमीटर येते, २२० आणि १३२ केव्हीवर उतरते, मग ३३ आणि ११ केव्हीच्या फीडरवरून गल्लीतल्या डीपीपर्यंत पोचते. मुकुंदवाडीतल्या खोलीत ती २३० व्होल्टवर येते. ‘लाईट गेली’ असे माणूस म्हणतो तेव्हा या साखळीतील एखादी कडी निसटलेली असते. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत मात्र मूळ विजेचीच टंचाई होती.

तारांखालची माणसे

वाहिनी उभारणे जितके कठीण तितकेच ती सांभाळणे. लाईनस्टाफ उन्हापावसात पायी फिरून प्रत्येक मनोरा पाहतो. तारांखालचा ऊस पेटवला तर धूर आणि ज्वाळांमुळे वाहिनी बंद पडते. संक्रांतीच्या दिवसांत पतंगाचा मांजा तारांवर अडकतो आणि तो काढायला गेलेल्या मुलांचे जीव जातात. शहरांच्या कडेला आणखी एक प्रश्न आहे. शेतातून गेलेल्या वाहिनीखाली कालांतराने प्लॉट पडतात, घरे चढतात आणि गच्चीपासून तारेचे अंतर धोक्याच्या आत येते. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्व भागासारख्या झपाट्याने वाढलेल्या वस्त्यांत नवी वाहिनी न्यायची तर अरुंद जागेत मावणारे एकखांबी मनोरे किंवा भूमिगत केबल वापरावी लागते आणि तिचा खर्च अनेक पटींनी अधिक होतो. बांधकामाला परवानगी देताना वाहिनीखालचा पट्टा मोकळा ठेवला असता तर हा खर्च टळला असता.

भरपाईचा प्रश्न दीर्घकाळ पिकांच्या नुकसानीपुरता राहिला. मनोऱ्याखाली अडकलेल्या जमिनीचे आणि तारांखाली घटलेल्या किमतीचे मोल धरले जात नसे. राज्याने २०१० मध्ये मनोऱ्याच्या जागेसाठी मोबदल्याचे धोरण आणले. केंद्राच्या ऑक्टोबर २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी १५ टक्क्यांपर्यंत मोबदला सुचवला. जून २०२४ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे २०० आणि ३० टक्के झाले. १८८५ च्या कायद्यापासून इथपर्यंत यायला जवळपास १४० वर्षे लागली.

येत्या काळात सौर आणि पवन ऊर्जेसाठी मराठवाड्यातून आणखी वाहिन्या जाणार आहेत. त्यांच्या तंत्राबद्दल शंका नाही; खोपोलीपासून आजवर महाराष्ट्राच्या अभियंत्यांनी आणि कामगारांनी ते सिद्ध केले आहे. शेतकऱ्याला वाहिनीची बातमी मात्र अजूनही अनेकदा शेतात खड्डा खोदायला माणसे आल्यावरच कळते. मार्गाची पहिली रेघ नकाशावर ओढली जाते त्याच वेळी तो नकाशा ग्रामसभेत ठेवला, मोबदल्याचा दर खोदाईआधी सांगितला आणि रक्कम मनोरा उभा राहण्यापूर्वी दिली, तर पोलीस बंदोबस्तात मनोरे उभारण्याची वेळ येणार नाही. महापारेषण, पॉवरग्रिड आणि जिल्हा प्रशासन यांनी पुढच्या प्रत्येक वाहिनीसाठी हा क्रम पाळावा. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.